कवटीतली हवा

मान डावीकडे वळवली आणि डोक्यात पाणी हललं. हलल्यासारखं वाटलं, असं नव्हे, आवाज आला. अर्धी भरलेली बाटली कलंडली की येतो तसा, बुळुक, कानाच्या आतल्या बाजूने. पाठोपाठ काहीतरी हलकं आणि गोल कपाळामागून निघालं, कानशिलाकडे सरकत गेलं आणि तिथे जाऊन थांबलं. गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा थांबतो तसं. मी मान सरळ केली. तो परत आला. शिसारी आली ती त्याच्या या परत येण्याची. काटा रुतला तर तो निदान रुतून बसतो, आपला होत नाही. हे तर माझ्या मानेचं ऐकत होतं.

गेले चार दिवस मी पाठीवर सपाट आहे. उशी नाही. उठायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, आणि शौचाला जोर करायचा नाही, हे शेवटचं सिस्टरनी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. डाव्या बरगड्यांमधून एक नळी बाहेर येते आणि पलंगाखालच्या बाटलीत जाते. मी श्वास सोडला की त्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे उठतात. बाटली मला दिसत नाही, ऐकू येते. दिवसभर कोणीतरी पलंगाखाली बसून तोंडातल्या तोंडात गुळण्या करत असल्यासारखी. तोंडावर प्राणवायूचा मास्क आहे. त्याला रबराचा वास आहे, आणि माझा. आणि सपाट पडलेल्या माणसाला माणसं खालून दिसतात. म्हणजे आधी हनुवटी, मग नाकपुड्या, मग कुठेतरी लांब डोळे. मेहुण्याच्या नाकपुडीत एक केस आहे, तो त्याच्या बोलण्याबरोबर आत-बाहेर होतो. मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, हनुवटीखाली दाढी करताना सुटलेला एक पट्टा आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आयुष्यात एकदाही खालून स्वतःकडे पाहिलेलं नाही हे त्यावरून कळतं. बायकोच्या नाकाकडे मी पाहत नाही. तेवढी लाज ठेवली आहे.

डॉक्टर तिशीच्या आतबाहेरच्या आहेत आणि त्यांच्या नाकपुड्या स्वच्छ आहेत, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो. पहिल्या दिवशी त्यांनी फिल्म माझ्या तोंडावर आडवी धरली.

"हे काळं दिसतंय ना, ती हवा," त्या म्हणाल्या. "फुप्फुस वरच्या टोकाला फाटलं. हवा छातीत सुटली, फुप्फुस चेपलं. त्यातली थोडी नसांच्या कडेकडेने पाठीच्या कण्यात शिरली. तिथून वर."

"वर म्हणजे?"

"कवटीत."

"किती?"

"दोन-तीन चमचे असेल. घाबरू नका, असं क्वचित होतं, पण जिरते ती."

"कुठली हवा?"

"म्हणजे?"

"कुठली?"

"हवा हो. नेहमीची. आपण सगळे घेतो ती."

"आणि जिरते म्हणजे कुठे जाते?"

"रक्तात विरघळते. शरीर शोषून घेतं. आठ-दहा दिवसांत तुमच्यात काही राहणार नाही." हे त्यांनी आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं आणि फिल्म गुंडाळली.

सगळे घेतो ती हवा. अशी हवा नसते. प्रत्येक हवा कुठल्यातरी खोलीतली असते, कोणाच्या तरी तोंडातून आधी जाऊन आलेली असते. माझ्या डोक्यात कुठली हवा आहे हे मला नेमकं माहीत आहे. गेल्या गुरुवारची आहे, दुपारी दोन ते पाचमधली. ती एका मेलेल्या माणसाची आहे. आणि आता ती जिरणार आहे, म्हणजे माझी होणार आहे, माझ्या बोटांत, मूत्रात, आठवणीत जाणार आहे, आणि सगळ्यांनी याचा आनंद मानायचा आहे.

आमचं दुकान फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या दुरुस्तीचं. वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, काढलेलं. दादा पुढे काउंटरवर असतो, गोड बोलतो. मी मागे टेबलापाशी असतो. गळती शोधायची आमची पद्धत एकच. वाद्याच्या खालच्या तोंडावर तळहात दाबायचा, सगळी भोकं बोटांनी आणि चाव्यांनी बंद करायची, वरच्या तोंडाला ओठ लावून आधी हवा ओढून घ्यायची, आणि मग फुंकायची. बंद नळीत, जिथून हवेला कुठेच जायला जागा नाही अशा ठिकाणी, गाल फुगू न देता, कान बंद होईपर्यंत. कुठून तरी ती सुटतेच. जिथून सुटते ते कानाला कळतं, बोटाला कळतं, आणि अगदी बारीक असेल तर ओठाला कळतं. इतर दुकानांत आत दिवा सोडून बघतात, पंप लावतात, काटा बघतात. आमच्याकडे तोंड. गावोगावचे वाजवणारे त्यासाठी आमच्याकडे येतात. आणि तोंड लावण्याआधी पुसायचं नाही, हा आप्पांचा नियम. पुसलं की गिऱ्हाइकाचा अपमान होतो. ज्या नळीत तो जीव ओततो तिची तुला घाण वाटते, असा अर्थ होतो.

मी नऊ वर्षांचा असताना आप्पांनी एका सॅक्सोफोनचं तोंडाकडचं टोक काढून माझ्या तोंडात घातलं. त्याच्या कडेला पांढरा, सुकलेला थर होता. "चव सांग," ते म्हणाले. मी म्हणालो, खारट. "आणखी?" तंबाखू. "आणखी?" आणखी काय होतं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. आता आहे. आजारी हिरडी. माझ्या पोटातून वर आलं आणि मी ते परत खाली लोटलं. आप्पा माझ्या गळ्याकडे बघत होते, घाटी खाली जाताना त्यांना दिसली, आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढीच एक. "किळस आली असती ना," ते दादाला म्हणाले, "तर त्याला कारकून केला असता." दादाला किळस आली होती, म्हणून दादा काउंटरवर आहे. मी तीस वर्षं या थापेवर जगलो. लोक म्हणायचे, या माणसाला कशाचीच किळस येत नाही. मीही म्हणायचो.

पुन्हा सांगतो, कारण हे मी जरा नीटनेटकं सांगतो आहे आणि नीटनेटकं नव्हतं. थाप मारली की नाही हे मला नक्की आठवत नाही. घाटी आठवते.

गुरुवारी दोनच्या सुमाराला एक बाई आल्या. साठीच्या, हातात कापडात गुंडाळलेली लांब पेटी. त्यांचा भाऊ बँडमध्ये मोठा क्लॅरिनेट वाजवायचा, कमरेएवढा, खालच्या सुराचा. तो जाऊन सहा वर्षं झाली. "शेवटचं वाजवलं आणि तस्संच ठेवलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी पेटी उघडलीच नाही. त्यांचा श्वास आहे हो अजून आत." दादाने मान हलवली, अशी मान हलवायला तो जन्मला आहे. त्यांना आत बसून बघायचं होतं. नको म्हणता आलं असतं. मी पेटी उघडली आणि आतून वास आला. बुरशीचा म्हणता येईल, पण बुरशीला निदान काहीतरी जिवंत असल्याचा वास असतो. हा बंद तोंडाचा होता. जो माणूस पुष्कळ दिवस कोणाशी बोललेला नाही, त्याने एकदम जवळ येऊन तोंड उघडावं तसा. बाईंनी डोळे मिटून तो खोल आत घेतला. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी तळहात खाली दाबला, ओठ वर लावले. आधी ओढून घेतली. मग फुंकली.

फुंकताना एक बारीक आवाज येत होता. टिक, टिक, टिक, आणि मधेच फुस्स. इतका बारीक की मला स्वतःच्या कानाचं कौतुक वाटलं. खालच्या गाद्यांपैकी एक नीट बसत नसणार. गाद्या म्हणजे चावीखालच्या त्या मऊ चकत्या. मी एक बदलली. आवाज होता. दुसरी बदलली. सिगरेटचा कागद अडकवून ओढून बघितला, तो घट्ट बसत होता, तरी आवाज होता. बाई तासाभराने उठून गेल्या. मला खोकला येत होता आणि मी तो गिळत होतो, कारण खोकल्याने ओठ बिघडतो. तिसरी. चौथी. मी आणखी जोराने फुंकलं, आणखी वेळ धरलं, डोळ्यांसमोर पिवळं आलं तरी धरलं. डाव्या खांद्यात एक तार ओढल्यासारखी कळ होती, ती मी खुर्चीच्या माथी मारली. एकदा वाद्य टेबलावर ठेवलं तरी टिक टिक चालूच होती. तेव्हा मला कळायला हवं होतं. मला वाटलं, कानात राहिली आहे. पाच वाजता मी चिठ्ठीवर लिहिलं, 'अजून गळतोय, जागा सापडत नाही', आणि सही केली. तीस वर्षांत पहिल्यांदा मी जागा सापडत नाही असं लिहिलं, आणि त्या अपमानात दंग असल्यामुळे, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर माझ्याच छातीत सुटलेली हवा वाजते आहे हे मला कळलं नाही. जितकं मी ते शोधत होतो तितकं फुप्फुस फाटत होतं. दुसरा कुठलाही माणूस छातीला हात लावून खाली बसला असता. आमच्यासारख्यालाच वाद्यातली गळती ऐकू येते.

बसमध्ये कंडक्टरला तिकीट मागितलं तर आवाज बदकासारखा निघाला. त्याने हसू दाबलं. घरी बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, "गळा का सुजलाय?" आणि हात लावला. कातडीखाली काहीतरी करकरलं, साबुदाण्याच्या पिशवीवर बोट दाबल्यासारखं. तिने हात झटकला. झटकला आणि लगेच परत ठेवला, पण आधी झटकला.

आमच्या दुकानात प्रत्येक वाद्याला एक चिठ्ठी बांधतात. पडल्या पडल्या मी माझी भरली:

वस्तू: नळी. उंच, सडपातळ, वापरलेली.
तक्रार: दम धरत नाही.
गळती: वर, डावीकडे.
आधी कोणी उघडलं होतं का: वडिलांनी.
आत काय सापडलं:

ही जागा रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून नातेवाईक यायला लागले. मला भेटायला येत होते असं म्हणण्यात अर्थ नाही. गळा दाबायला येत होते. बातमी फिरली होती. मेहुण्याने अंगठ्याने गळपट्टीजवळ दाबलं, करकर ऐकली, आणि तोंडभर हसला. "बघ ना तू पण," तो त्याच्या बायकोला म्हणाला. "नको बाई, कसंतरी होतं," ती म्हणाली आणि तिने दोनदा दाबलं. मग त्याने विचारलं, "फोनवर येईल का हो आवाज?" आणि फोन माझ्या हनुवटीखाली धरला. मी बोललो असतो तर तोही आवाज त्यात गेला असता. ते गेल्यावर बायकोने ओल्या कापडाने माझा गळा पुसला, काही न बोलता, जोर न देता, आणि मला तिचीही शिसारी आली, तिच्या त्या न बोलण्याची, ज्यात सगळं समजून घेतलेलं होतं. आणि शिसारी आली म्हणून स्वतःची. माझ्या डोक्यात तो मेलेला वाजवणारा पडून होता, खारट थुंकीसकट, बहिणीने सहा वर्षं कुलूप लावून जपलेला, आणि मी डोळे मिटले की तो माझ्या कपाळाच्या आतून बाहेर बघत असे. त्याला माझी किळस येत असेल का, हा विचार मी तिसऱ्या दिवशी दुपारी जवळजवळ दोन तास केला.

तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणी असं उंच, काटकुळं आहे?"

"मुलगी."

"काय करते?"

"माझ्याबरोबरच. दुकानात."

त्या लिहायच्या थांबल्या. "अशा बांध्याच्या माणसांच्या फुप्फुसाला वरती पातळ फोड असतात, जन्मापासून. घराण्यात चालत येतात कधीकधी. तिच्या छातीचा फोटो काढून घ्या. आणि तोपर्यंत ते तोंड दाबून फुंकणं तिला अजिबात नको. तुमचं सुटलं ते गळ्यात, पाठीत गेलं. तिचं कुठे जाईल सांगता येणार नाही. दोन्ही बाजू एकदम बसल्या तर इथपर्यंत येताही येत नाही."

मुलगी चोवीस वर्षांची आहे. दादा आम्हाला मोठा बांबू आणि छोटा बांबू म्हणतो. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या कमाईतून एक पंप आणला होता, काट्याचा, रबरी बुचांच्या संचासकट. वाद्याची तोंडं बुचांनी बंद करायची, हवा भरायची आणि काटा उतरतो का बघायचं. तिने तो टेबलावर मांडला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "यंत्राला कान नसतात," आणि तो माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून ती माझ्याशेजारी बसून तोंडाने शिकायला लागली. पहिल्या दिवशी मी तिला एक न पुसलेला ट्रम्पेट दिला होता. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी दादा आला. त्याची हनुवटी माझ्यावर आली.

"दुकानाची काळजी करू नकोस," तो म्हणाला. "बँडची बत्तीस वाद्यं शुक्रवारी द्यायची आहेत, छोटा बांबू एकटीने काढतेय. दिवसाला आठ. अरे, तुझ्यापेक्षा जास्त वेळ धरते. मी घड्याळ लावून बघितलं."

"तिला थांबव."

"काय? मास्कमध्ये कळत नाही."

"थांबव. डॉक्टर नको म्हणतात. आधी छातीचा फोटो."

"डॉक्टर चालायलापण नको म्हणतात रे. पोरगी खूश आहे. बाबांसारखं येतंय म्हणते. आता तिचं तोंड बंद करू मी?"

"पंप आहे माळ्यावर."

दादा हसला. त्याच्या तोंडाचा वास खाली आला, सकाळचा, दूध आणि दात. "तूच म्हणतोस ना, यंत्राला कान नसतात," तो म्हणाला. "अर्धी गिऱ्हाइकं तुझ्या त्या वाक्यावर येतात." मला उठून बसायचं होतं. मी कोपरावर जोर दिला तेव्हा कवटीत ते सगळं एकदम पुढे आलं, डोळ्यांच्या मागे, आणि मला कोरडी ओकारी आली. बाटली खदखदली. सिस्टर धावत आल्या आणि दादाला बाहेर काढलं. जाताना तो त्यांना म्हणाला, "लहानपणापासून हट्टी आहे."

मुलगी जेवणाच्या सुट्टीत आली. अडीचला तिला परत दुकान उघडायचं होतं. ती वाकली आणि मला खालून तिचे ओठ दिसले. त्यांच्याभोवती लाल, गोल वळ होता, पितळी वाद्याच्या कडेचा, आणि खालच्या ओठाला एक बारीक चीर. मी इतकी वर्षं आरशात तोच वळ पाहिला होता. दुसऱ्याच्या तोंडावर तो कसा दिसतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी तिच्या तोंडावर डबा उपडा मारला असावा तसा.

"मास्क काढ," मी म्हणालो.

"काढायचा नाही म्हणाल्यात. असंच बोला. मला बारीक ऐकू येतं, माहितीये ना?"

"किती झाली?"

"आज सात. बाबा, तुम्ही म्हणता ना, अगदी बारीक असेल तर कानाला नाही, ओठाला कळतं? आज कळलं. गार लागलं, इथे." तिने चीर दाखवली. ती इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना.

"आजपासून पंप लाव."

"तुम्ही टाकलेला? यंत्राला कान नसतात." हे ती माझ्या आवाजात म्हणाली, बदकाआधीच्या.

"डॉक्टर म्हणाल्या तुझीपण छाती—"

"सांगितलं काकांनी. काढू ना फोटो, शुक्रवार झाला की. तुम्ही तीस वर्षं केलंत बाबा, तीस वर्षांत एकदा झालं. बसमध्येपण माणूस मरतो." तिने माझा मास्क सरळ केला. "आणि त्या बाई येऊन गेल्या. भावाचा क्लॅरिनेट उद्या हवा म्हणतात. चार गाद्या बदलल्यात तुम्ही आणि लिहिलंय अजून गळतोय. आज जाऊन आधी तोच घेते."

"तो गळत नाही."

"तुमच्या अक्षरात आहे."

"तो आवाज माझा होता. छातीतला."

तिने विचार केला. खरंच केला, माझ्यासारखाच, मान थोडी तिरपी करून. "मग एकदा खात्री करून घेते," ती म्हणाली. "नीट धरून बघते. नसेल गळत तर तसं लिहीन."

माझ्याकडे घालायला भीती होती, ती संपली. हुकूम होता, तो चिठ्ठीवरच्या माझ्याच अक्षराने खोडला होता. माया होती, पण तिच्या मायेतूनच ती फुंकत होती. पलंगाखाली बाटली गुळण्या करत होती. घड्याळ दिसत नव्हतं, पण ती पर्स खांद्याला लावते आहे हे ऐकू आलं. मी हाताने मास्क खाली ओढला.

"त्या दिवशी आधी ओढून घेतली ना," मी म्हणालो, "तेव्हा आत काहीतरी आलं."

"काय आलं?"

"तोंडात. नळीतून. झुरळाच्या अंड्यांचा कोष." मला एका वेळी तीन-चार शब्दच जमत होते. "जुना वाटला. नव्हता. जिभेवर ओला झाला. मी दात मिटले. फुटला."

ती हळू म्हणाली, "थुंकलात ना?"

"बाई समोर होती. तोंडाकडे बघत. भावाचा श्वास म्हणत होती."

"बाबा."

"गिळला. अर्धा खाली गेला. अर्धा चुकीच्या वाटेने गेला. तो खोकला मी तीन तास दाबला. डॉक्टरांना सांगितलं नाही."

"मास्क लावा."

"त्याआधी तो जाड ट्रम्पेटवाला. ज्याच्या ओठावर फोड होते, पूवाले. त्याचा तू पुसू लागलीस आणि मी हातातून काढून घेतला. आठवतं? मी तोंड लावलं. चव अजून आहे. शाळेच्या बँडच्या एकात पोराची उलटी होती, सुकलेली, मी ती लाळेने भिजवून काढली, जिभेने, कारण मुख्याध्यापक उभे होते. एकात दात होता. आणि मला दर वेळी ओकारी आली. दर वेळी. किळस येत नाही म्हणायचो ते खोटं होतं. एकही दिवस असा नाही. आप्पांनाही येत असणार, तेही गिळत असणार."

तिचा चेहरा मला आता पूर्ण दिसत होता, कारण ती सरळ उभी राहिली होती, लांब. "मग मला का दिलात?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशी. न पुसलेला."

याचं उत्तर मी कधी शोधलेलं नव्हतं. ते जिभेवर तयार होतं.

"मी गिळलं होतं," मी म्हणालो, "तर तू का नाही. तू गिळतेस का ते बघत होतो. गिळलंस. मला बरं वाटलं."

तिने हाताची पालथी बाजू ओठांवर ठेवली. पुसली नाही, नुसती ठेवली. मग ती कोपऱ्यातल्या नळाकडे गेली. पाणी सुटलं. चूळ भरल्याचा आवाज आला, थुंकल्याचा, पुन्हा भरल्याचा, पुन्हा. मग बोट आत घालून काढावं तसा घशाचा आवाज, आणि सगळं बाहेर आलं, दुपारचं जेवण, जे काय होतं ते. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. ती ओकत होती आणि माझ्या अंगात इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सैल होत होतं. मला त्याचीही घाण वाटली. एखाद्याची मुलगी ओकते आहे आणि तो माणूस पडल्या पडल्या ते ऐकतो आहे, एकूण एक उबळ, आणि आणखी येऊ दे, सगळं येऊ दे, असं म्हणतो आहे.

नळ बंद झाला. ती आली, पण पलंगाच्या पायथ्याशीच थांबली. मास्क माझ्या गालावर लोंबत होता. तिच्या लक्षात आलं होतं. तिने हात पुढे केला, तो मध्येच राहिला, आणि तिने सिस्टरना हाक मारली. सिस्टरनी येऊन तो माझ्या तोंडावर बसवला.

"त्या पंपाची रबरं कडक झाली असतील," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, गिऱ्हाइकाशी बोलतात तसा. "नवी घ्यावी लागतील. काकांना मी सांगते, तोंड लावणार नाही म्हणून. त्यांना राग आला तर त्यांनी लावावं."

मी मान हलवली नाही. डोळे मिटून उघडले.

"त्या बाईंचं मी काही लिहीत नाही चिठ्ठीवर. पंपावर बघून मग लिहीन." ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मास्कवर धुकं यायचं आणि जायचं तिकडे, आणि ते तिला बघवत नव्हतं हे मला दिसत होतं. "येते मी."

उद्या येईन असं ती रोज म्हणायची. आज म्हणाली नाही. दारापाशी ती थांबली, बाहीचं टोक खाली ओढून हातावर घेतलं, आणि मग दाराची मूठ धरली.